पंख गेलेली घार घरी ठेवावी का?

येवल्याच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. करीच्या संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर नायलॉन मांजात गुरफटलेली घार सापडली. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस प्रयत्न केले, पण हाड उघडं पडून वाळलं होतं, त्यामुळे डावा पंख कोपराच्या वरून काढावा लागला. त्याला आता सात आठवडे झाले. घार गच्चीवरच्या खोलीत राहते, हातातून चिकन खाते आणि त्यांची मुलगी तिला 'चिमी' म्हणते. ताई लिहितात, "ती उडणार नाही हे नक्की. वनखात्याला कळवलं तर घेऊन जातील आणि मारून टाकतील, असं सगळे म्हणतात. घरी ठेवणं गुन्हा आहे का? आणि गुन्हा असला, तरी ते चूक आहे का?"

ताई, गुन्हा आहे. चूक आहे का, याचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. गेली पंचवीसेक वर्षं मी वन्यपक्ष्यांवर उपचार करतोय, त्यातली बरीचशी नाशिक जिल्ह्यात आणि वनखात्याच्या बरोबरीने. दर जानेवारीत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. कधी घार असते, कधी घुबड, एकदा मोरही होता. तुम्ही दोन प्रश्न वेगळे करून विचारलेत हे फार बरं केलंत, कारण बहुतेक जण त्यांची खिचडी करतात.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदूक आणि फासा यांपुरती नाही. वन्यप्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच. शिवाय कलम ३९ प्रमाणे असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि तो कोणत्याही मार्गाने हाती आला, तरी ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवावं लागतं. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तो ताब्यात ठेवता येत नाही. 'मी पकडला नाही, तो माझ्या गच्चीत पडला' हा युक्तिवाद ४८ तास टिकतो. पुढे टिकत नाही.

एक गोष्ट मला या कायद्यात नेहमी खटकते. जखमी प्राणी दयेपोटी उचलणाऱ्या माणसासाठी त्यात स्वतंत्र, स्वच्छ सवलत नाही. इंग्लंडमध्ये १९८१ च्या कायद्यातच लिहिलंय की दुसऱ्या कशाने जायबंदी झालेला पक्षी शुश्रूषेसाठी उचलता येईल, अट एवढीच की हेतू बरा करून सोडण्याचा हवा. आपल्याकडे ही जागा अधिकाऱ्यांच्या समजूतदारपणाने भरून निघते. बहुतेक वेळा भरून निघते, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण समजूतदारपणा हा हक्क नव्हे, आणि तो मिळायचा तर आपण वेळेत कळवलेलं असावं लागतं.

शिक्षा किती, हे तो प्राणी कोणत्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या कोणत्या यादीत, आहे त्यावर ठरतं. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि प्राण्यांच्या मुख्य अनुसूची दोनच उरल्या. पहिलीतल्या प्राण्यासाठी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड. दुसरीसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आजीच्या ओसरीवर 'विठू विठू' करणारा आपला साधा हिरवा पोपटही दुसऱ्या अनुसूचीत आहे, हे सांगितलं की निम्म्या महाराष्ट्राचा चेहरा पडतो. 'आमच्याकडे तीन पिढ्या पोपट आहेत' म्हटल्याने आजचा गुन्हा माफ होत नाही.

आणखी एक गैरसमज. २०२४ च्या नियमांप्रमाणे काही विदेशी प्राणीपक्षी बाळगणाऱ्यांनी 'परिवेश' या संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. ते ऐकून लोक मला विचारतात, "मग घारीची नोंदणी करून टाकू का?" नाही. ती सोय आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीतल्या प्राण्यांसाठी आहे, मकाव वगैरे. आपल्या आकाशातल्या पक्ष्याला घरगुती परवाना नावाची चीजच नाही. कलम १२ खालची विशेष परवानगी शिक्षण, संशोधन, मान्यताप्राप्त प्राणीसंग्रहालय अशा कामांसाठी आहे. माया लागली, हे त्यातलं कारण नाही.

तेव्हा तुम्ही ४८ तासांच्या कितीतरी पुढे गेला आहात. उद्या सात आठवडे आणि एक दिवस होईल, म्हणून आज कळवा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. त्यापेक्षा चांगलं म्हणजे तालुक्याच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना (सगळे आरएफओ म्हणतात) थेट भेटणं. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांच्या पावत्या आणि पहिल्या दिवशीचे फोटो न्या, फोटोंवर तारीख असते. पंचनामा होईल, तुमचा जबाब घेतील. घाबरू नका, जे झालं ते झालं तसं सांगा. गुन्हा नोंदवणारच नाहीत अशी हमी मी देऊ शकत नाही, पण स्वतः चालत गेलेल्या माणसाकडे आणि शेजाऱ्याच्या तक्रारीवरून सापडलेल्या माणसाकडे एकाच नजरेने पाहिलं जात नाही. मुलीने चिमीचे व्हिडिओ टाकले असतील तर अधिकाऱ्यांना तेही सांगा, लपवू नका. पुढे मात्र एकही टाकू नका.

व्हिडिओवरून अमेठीचा सारस आठवतो. २०२२ च्या सुरुवातीला तिथल्या एका तरुणाला शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्याने तो बरा केला. पक्षी मोकळाच होता, उडत होता, तरी त्या तरुणाच्या मोटारसायकलमागे उडत जायचा. देशभर कौतुक झालं. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने सारस उचलून रायबरेलीजवळच्या समसपूर पक्षी अभयारण्यात नेला, तो तिथून भरकटला, मग कानपूरच्या प्राणीसंग्रहालयात गेला आणि त्या तरुणावर गुन्हा नोंदला गेला. लोकांनी वनखात्याला शिव्या घातल्या. मला त्यात दोन्ही बाजूंची चूक दिसते. वर्षभर कोणी अधिकाऱ्याने 'अरे, हे असं चालणार नाही, आपण ही सवय हळूहळू तोडू' असं म्हटलं नाही, आणि त्या तरुणालाही कोणी सांगितलं नाही की माणसामागे उडणारा सारस सारसांत जोडीदार शोधत नाही. शेवटी भोगलं पक्ष्यानं, ज्याचा पाय पूर्ण बरा झाला होता.

आता तुमचं वाक्य घेतो, "ती उडणार नाही हे नक्की." तुमच्या घारीच्या बाबतीत ते खरं आहे, पण इथे थोडं थांबतो, कारण हे वाचणाऱ्या दहांपैकी आठ जणांच्या बाबतीत ते खरं नसेल. 'उडत नाही' आणि 'उडणार नाही' यांत फार अंतर आहे. मांजाने बहुतेक वेळा हाड तुटत नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत जो कातडीचा पातळ पडदा ताणलेला असतो, तो चिरतो. वरची कडा शाबूत असली तर तो शिवून भरून येतो. कडेतला दोरीसारखा स्नायुबंध कापला गेला की पंख पूर्ण उघडत नाही, मग उडणं अवघड. पिसं मोडली असतील तर तो काही प्रश्नच नव्हे. घारीची पिसं वर्षभरात बदलतात, किंवा मोडक्या पिसाच्या उरलेल्या देठाला जुनं झडलेलं पीस बसवून जोडताही येतात. एक घार मीच 'कायमची अपंग' म्हणून कागदावर लिहिली होती. पिसं बदलली आणि तेरा महिन्यांनी ती केंद्राच्या मोठ्या पिंजऱ्यात या टोकापासून त्या टोकाला वळणं घेऊ लागली. मी माझाच कागद फाडला. म्हणून 'सोडता येणार नाही' हा निकाल घरच्या माणसाने देऊ नये, एकट्या डॉक्टरानेही देऊ नये. ज्याने तो पक्षी मोठ्या पिंजऱ्यात उडताना पाहिलाय, त्याने द्यावा.

शिवाय अपंगत्व प्राण्यागणिक बदलतं. डहाणूच्या समुद्री कासव केंद्रात वाहून आलेल्या जाळ्यांत अडकून पुढचं वल्हं, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, गमावलेली कासवं येतात. एक वल्हं गेलेलं कासव पाण्यात निभावून नेऊ शकतं. घारीचा अर्धा पंख गेला तर तिचं सगळंच गेलं. तिचं पोट, तिचं घरटं, तिचं भांडण, तिचा जोडीदार, सगळं हवेतच असतं. दीड मीटरच्या आसपास पंखांचा पसारा आणि वजन किलोपेक्षाही कमी, असं ते शरीर वाऱ्यावर तरंगण्यासाठी घडलंय. ती भक्ष्य हवेत उचलते आणि उडताउडता पायातून तोंडात घालून खाते. तुमच्या चिकनच्या तुकड्यांत यातलं काही नाही.

आता थोडं कटू, ताई. कोपराच्या वरून कापलेल्या पंखाचा पक्षी कसा जगतो ते मी पाहिलंय, म्हणून सांगतो. पंख केवळ उडायला नसतो, तोल सावरायलाही असतो. दांडीवर बसताना, खाली उतरताना, घाबरून मागे सरताना पक्षी दोन्ही पंख उघडतो. तुमची घार उघडते तेव्हा एकच उघडतो आणि ती रिकाम्या बाजूला कलंडते. उरलेलं खुंट जमिनीवर आपटतं आणि पुन्हा फुटतं. छातीच्या मधल्या हाडावरची कातडी झिजून जखम होते. त्यात खांद्याजवळचं हाड पोकळ असतं आणि थेट श्वासाच्या पिशव्यांशी जोडलेलं, त्यामुळे तिथला संसर्ग बाहेरून दिसायच्या आत आत पोचतो. आणि दिवसभर एकाच सपाट, कडक जागी उभं राहून तळपायाला सूज येते, खपली धरते, पू होतो. आम्ही त्याला बंबलफूट म्हणतो. पायांवर जगणाऱ्या शिकारी पक्ष्याला तो हळूहळू मारतो. आज संध्याकाळी टॉर्च घेऊन तिचे दोन्ही तळवे बघा. कातडीवरचे बारीक कंगोरे जाऊन तळवा गुळगुळीत, गुलाबी दिसत असेल तर सुरुवात झालीय.

खाण्याचंही असंच. बिनहाडाचं चिकन म्हणजे नुसतं मांस, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. सहा महिने ते खाल्लं की हाडं मऊ पडतात. घारीला आख्खा छोटा प्राणी लागतो, हाडा-आतड्यासकट आणि पिसा-केसासकट. उंदीर, लावी पक्षी, हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं. हे रोज आणायची आणि फ्रीजमध्ये आईस्क्रीमशेजारी ठेवायची कितीजणांच्या घरी तयारी असते? मी विचारलं की बहुतेक जण हसतात. जे हसत नाहीत, त्यांच्या घरी बायको नाहीतर सासू हसत नसते. आणि घार पिंजऱ्यात वीस वर्षंही जगू शकते. तुमची मुलगी तोवर लग्न होऊन बेंगळुरूला गेलेली असेल.

"पण ती हातातून खाते, ओळखते." खाते, कारण भूक आहे आणि दुसरीकडून मिळत नाही. ओळखते हे खरंच असेल, घार हुशार पक्षी आहे. पण तिच्या शांतपणाचा अर्थ लावताना जपा. पक्षी दुखणं लपवतात. झाडावर जो आजारी दिसला तो संपला, हे त्यांच्या रक्तात आहे. पिसं आवळून बारीक होऊन बसणं, चोच किंचित उघडी ठेवणं, माणूस आला की एकटक बघत गोठून जाणं, याला लोक 'माणसाळली' म्हणतात. मी भीती म्हणतो. तुम्ही खोलीबाहेर गेल्यावर दाराच्या फटीतून दहा मिनिटं बघा. ती पिसं झाडते का, अंग साफ करते का, आळस देते का? तुमच्यासमोर यातलं काहीच करत नसेल, तर तुमचं येणं तिला सुखाचं नाही.

हे मी फार उपदेश केल्यासारखं बोलतोय, म्हणून माझं एक पाप सांगतो. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. रस्त्याच्या कडेचं चिंचेचं झाड तोडलं आणि ढोलीतून पिंगळ्याचं पिल्लू पडलं. जखम नव्हती, नुसतं पिल्लू. मी घरी आणलं, चिमट्याने खिमा भरवला, बायकोने बूट ठेवायचं खोकं दिलं. महिन्याभरात ते माझ्या खांद्यावर बसायला लागलं. पाहुणे यायचे, मी मिरवायचो. पंख फुटल्यावर मळ्यात सोडून आलो तर ते सरळ पाणी शेंदणाऱ्या माणसाच्या डोक्यावर जाऊन बसलं. त्याने घाबरून फटकारलं. घुबडाबद्दल आपल्याकडे काय काय समज आहेत, ते सांगायला नको. पाय मोडला. मग ते खरंच सोडण्याजोगं राहिलं नाही. डोळे उघडल्यावर ज्याच्या चेहऱ्याशी त्याची ओळख होते, त्यालाच ते आपलं समजतं. शास्त्रात त्याला इम्प्रिंटिंग म्हणतात. ते मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी केलं. त्या पिल्लाला मांजाने, गाडीने किंवा करंटने अपंग केलं नव्हतं. मी केलं होतं. करायचं एवढंच होतं की शेजारच्या झाडाला एक टोपली बांधून त्याला त्यात ठेवायचं. आईबाप रात्री आले असते.

आपल्याकडच्या केंद्रांत 'सोडता येत नाही' म्हणून जे पक्षी पडून आहेत, त्यांतले कितीतरी असे प्रेमाने बिघडलेले आहेत. आणि म्हणूनच 'आता सोडता येत नाही, मग घरीच ठेवू' हे वाक्य मला खटकतं. बऱ्याचदा घरी ठेवल्यामुळेच ती अवस्था आलेली असते.

'मग हेमलकशाचं काय?' हे कोणीतरी विचारणारच. डॉ. प्रकाश आमट्यांकडे मादी मारली गेल्यावर मागे राहिलेली पिल्लं माडिया गावांतून यायची, आणि तिथून ते प्राणी अनाथालय उभं राहिलं. त्यांच्यामागे दंडकारण्यातली अर्धशतकाची वस्ती, जागा, माणसं आणि केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या नियमांची चौकट आहे. तुमच्यामागे दहा बाय बाराची खोली आणि मुलीची दहावीची परीक्षा आहे. त्या फोटोंनी दोन पिढ्यांना प्राण्यांवर प्रेम करायला शिकवलं हे मी मान्य करतो, पण 'माझ्याही घरी एक असावा' ही इच्छाही त्यांनी पेरली, हेही मी दवाखान्यात रोज बघतो.

आता तुमची खरी भीती : घेऊन जातील आणि मारतील. सरसकट तसं होत नाही. पुण्यात बावधनला, नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्रं आहेत, इतरत्रही होत आहेत. जुन्नरजवळ माणिकडोहला तर सोडता न येणारे बिबटे वर्षानुवर्षं सांभाळले जातात. घार मात्र बिबट्या नाही. ती दर संक्रांतीला डझनांनी येते आणि तिच्यासाठी कोणी देणगीची पाटी लावत नाही. काही केंद्रांत पंख गेलेल्या घारींना चांगली जागा मिळते : बुटक्या दांड्या, खाली वाळू, सोबतीला दुसऱ्या अपंग घारी. ही सोबत तुमच्या घरी कधीच मिळणार नाही. काही ठिकाणचे पिंजरे तुमच्या खोलीपेक्षा वाईट असतात, तेही मी पाहिलंय. एका केंद्रात तारेच्या जाळीला धडकून शेपटीचा झाडू झालेल्या घारी बघून मी भांडलो होतो. वर्षभराने बांबूच्या कामट्या लागल्या. म्हणून पक्षी देताना विचारायचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा. कुठे नेणार, कोण डॉक्टर बघणार, नंतर भेटता येईल का? लेखी विचारा, पोच घ्या.

आणि समजा केंद्रातल्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की खुंटाचं हाड सडतंय, तळवे गेलेत, तिला शांतपणे जाऊ देणं बरं, तर? कायद्यात, बरा होण्यापलीकडे अपंग किंवा आजारी झालेल्या वन्यप्राण्याबद्दल असा निर्णय घ्यायचा अधिकार कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांना आहे, दुसऱ्या अनुसूचीतल्यांसाठी त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यालाही. म्हणजे तो निर्णय तुमचा नाही, माझाही नाही. अमेरिकेत तर स्थलांतरी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांच्या परवान्यात अट असते की पंख कोपरापासून किंवा त्याच्या वरून काढावा लागणार असेल, तर शस्त्रक्रिया न करता पक्ष्याला दयामरण द्यावं. अपवाद त्यालाच, ज्याच्यासाठी डॉक्टर लेखी शिफारस करतात आणि जागा आधीच ठरलेली असते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते क्रूर वाटलं. आज वाटतं, त्यांनी प्रश्न योग्य वेळी विचारलाय : चाकू लावायच्या आधी, नंतर नाही. तुमच्या डॉक्टरांनी जीव वाचवला. पुढची वीस वर्षं तो जीव कुठे आणि कसा राहील, हे त्या टेबलावर कोणी विचारलं नाही. मीही पहिली दहा वर्षं विचारत नव्हतो.

माझे एक जैन स्नेही आहेत, पांजरपोळ चालवतात. त्यांना माझं हे म्हणणं पटत नाही. 'आपण जीव दिला नाही, आपण घ्यायचा नाही', एवढं त्यांचं साधं आहे. पंख नसलेली कबुतरं ते मरेपर्यंत सांभाळतात आणि खरंच चांगली सांभाळतात. कबुतर जमिनीवर दाणे टिपत, घोळक्यात बऱ्यापैकी जगू शकतं, त्यामुळे कबुतरापुरता मी त्यांच्या बाजूचा आहे. घारीपुरता नाही. त्यांना मी एकदा म्हटलं, "शेठ, जगणं आणि न मरणं यांत फरक आहे." ते म्हणाले, "तो फरक तुम्ही कोण ठरवणार?" याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही. पण घरी ठेवणारासुद्धा काहीतरी ठरवतच असतो, नुसतं ते कबूल करत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या जल्लिकट्टू निकालात प्राण्यांच्या पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला. उपासमारीपासून, त्रासापासून, दुखण्यापासून, भीतीपासून मुक्ती, आणि पाचवं, आपल्या जातीसारखं वागण्याची मोकळीक. मला ते न्यायालयापेक्षा दवाखान्यात जास्त उपयोगी पडतं. तुमच्या घारीला पहिलं तुम्ही दिलंय. दुसरं-तिसरं थोडंफार. चौथं नक्की माहीत नाही. पाचवं गच्चीवरच्या खोलीत देता येत नाही, पण दुसऱ्या तीन अपंग घारींसोबत, उघड्या आभाळाखालच्या मोठ्या पिंजऱ्यात त्याचा एक तुकडा मिळू शकतो. भांडण तरी करता येतं. तुमच्या गच्चीवर उघड्यावर ठेवलीत तर कावळे तिला फाडतील, म्हणून तुम्ही खोलीत ठेवली असणार.

वनखात्याची माणसं येईपर्यंत एवढं करा. बसायची दांडी जमिनीपासून वीतभरच ठेवा आणि तिच्यावर काथ्याची दोरी गुंडाळा, जाडी कमीजास्त होईल अशी. दांडीखाली जुनी गोधडी नको, तिच्यात नखं अडकतात; वाळू किंवा कृत्रिम गवताची चटई चालेल. दारा-खिडक्यांना पूर्ण पडदा लावा, म्हणजे येणंजाणं दिसणार नाही. पंखा बंद. चिकन द्यायचंच असेल तर गळ्याचे आणि पंखांचे तुकडे हाडासकट ठेचून द्या, मीठ-मसाला न लावता. हातातून भरवणं आजपासून बंद करा. ताटलीत ठेवून बाहेर या. दूध पाजू नका, हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. हात लावल्यावर साबणाने धुवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूने काय केलं, ते मी जवळून पाहिलंय. कोंबड्या पाळत असाल तर त्यांच्या आणि घारीच्या भांड्यांची सरमिसळ होऊ देऊ नका.

न्यायची वेळ आली की तारेचा पिंजरा नको. बाजूला भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं घ्या, ती नीट उभी राहील एवढं, तळाला खरबरीत पायपुसणं. आत पाणी ठेवू नका, गाडीत सांडतं आणि ती भिजून गारठते. गाडीत गाणी नकोत. मुलीला सोबत न्या, वाटलं तर. खोकं तिने धरलं तरी चालेल, मात्र वरून उघडून बघू नये. तिथे नोंदीच्या कागदावर नाव विचारतील ते तुमचं. पक्ष्याच्या रकान्यात 'घार' एवढंच लिहितील. नर की मादी विचारलं तर 'माहीत नाही' म्हणा, घारीत ते नुसतं बघून मलाही सांगता येत नाही.